न्यूग्रेंज : ही कबर कुणाची?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात मुलांसाठीचा एक जुना सचित्र ज्ञानकोश आहे. सहावीच्या वर्गाला प्राचीन संस्कृती शिकवताना पिरॅमिडचे चित्र दाखवावे, म्हणून आम्ही तो वर्गात नेला होता. पाने उलटताना मध्येच दुसरे एक चित्र निघाले. हिरव्यागार कुरणात एक गोल, बसके टेकाड, पुढच्या अंगाला पांढऱ्या दगडांची भिंत आणि भिंतीच्या मध्यावर एक काळे दार. खाली लिहिले होते : न्यूग्रेंज, आयर्लंड. मुलांना आम्ही सांगितले की ही एक कबर आहे आणि पिरॅमिडपेक्षाही जुनी आहे. लगेच एकाने विचारले, "सर, इतनी बडी कबर एक आदमी की?" आम्ही म्हणालो, नाही, पुष्कळांची. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "किन लोगों की सर? हमारे लोगों की, या दूसरों की?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. पाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे टेकाड, तेही सातासमुद्रापलीकडचे. पण त्यालाही "आपले" आणि "दुसरे" या दोन कप्प्यांपैकी एकात टाकल्याशिवाय अकरा वर्षांच्या मुलाला चैन पडत नव्हते. हे कप्पे त्याने स्वतः तयार केलेले नाहीत. ते त्याला घरात, गल्लीत, बातम्यांत आणि कधीकधी आमच्यासारख्या शिक्षकांच्या तोंडूनही मिळालेले आहेत. त्या दिवशी घंटा झाली आणि आम्ही सुटलो. परंतु प्रश्न सुटला नाही. खरे सांगायचे तर आम्हाला उत्तरच येत नव्हते. पुढचे काही महिने या कबरीविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत.

टेकाडाच्या पोटात

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर बॉइन नावाची नदी एक मोठे वळण घेते. या वळणाच्या कुशीत नाउथ, डाउथ आणि न्यूग्रेंज अशी तीन मोठी टेकाडे आहेत. ती निसर्गाने केलेली नाहीत, माणसांनी रचलेली आहेत. १९९३ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. न्यूग्रेंजचे बांधकाम इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचे, म्हणजे आजपासून सुमारे ५२०० वर्षांपूर्वीचे. इजिप्तमधील खुफूचा महापिरॅमिड त्यानंतर सहाशे वर्षांनी उभा राहिला. हडप्पा-मोहेंजोदडोची नगरेही भरभराटीला यायची होती.

टेकाडाचा व्यास सुमारे ८५ मीटर आणि उंची सुमारे १२ मीटर. खाली पायथ्याशी ९७ प्रचंड शिळा आडव्या, एकीला एक लावून ठेवल्या आहेत. त्यांचा कडा टेकाडाला कमरपट्ट्यासारखा वेढून आहे. दाराशी असलेल्या शिळेवर वेटोळ्यांची आणि चौकटींची अशी सुंदर नक्षी आहे की, पाहणारा आधी तिथेच थांबतो. दारातून आत १९ मीटर लांबीची अरुंद वाट जाते. दोन्ही बाजूंना उभ्या शिळा, वर आडव्या शिळा. काही ठिकाणी अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. वाटेच्या शेवटी एक दालन लागते आणि त्याला तिन्ही बाजूंनी तीन कोनाडे आहेत. कोनाड्यांत दगडाच्या उथळ पराती आहेत. मृतांची हाडे त्यांत ठेवीत असावेत. उत्खननात सुमारे पाच माणसांचे अवशेष सापडले, काही जळालेले, काही न जळालेले. इतक्या मोठ्या वास्तूत पाचच? पण ही कबर शेकडो वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी उघडी होती. त्या काळात आतले किती काय गेले असेल याचा हिशेब कुणाजवळ नाही.

दालनाचे छत पाहण्याजोगे आहे. चुना नाही, सिमेंट नाही, कमानीची युक्तीही त्यांना ठाऊक नव्हती. खालच्या थरापेक्षा वरचा थर थोडा आत सरकवायचा, त्यावरचा आणखी थोडा आत, असे करीत करीत सहा मीटर उंचीवर फट एवढी लहान केली की एका शिळेने ती झाकता यावी. छताच्या शिळांच्या पाठीवर पन्हळी कोरल्या, म्हणजे पावसाचे पाणी बाजूला वाहून जाईल. सांध्यांत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू ठासली. आयर्लंडमध्ये पाऊस वर्षभर असतो. तरीही पाच हजार वर्षांत हे दालन गळलेले नाही. आमच्या वर्गाच्या छताकडे पाहून मुलांना हे सांगताना आम्हाला थोडा संकोच वाटला, असो.

हे सारे करणाऱ्यांजवळ धातू नव्हता आणि चाकाची गाडी नव्हती. ते गहू, जव पिकवणारे, गुरे पाळणारे शेतकरी होते. मोठ्या शिळा त्यांनी काही मैलांवरून आणल्या. पुढच्या भिंतीची पांढरी गारगोटी दक्षिणेकडच्या विक्लो डोंगरातली, तर तिच्यातले करडे गोल गोटे उत्तरेच्या किनाऱ्याकडचे. म्हणजे ही एका गावाची नव्हे, एका मुलखाची मेहनत होती. आज पायाभरणी करणाऱ्याने उद्या छत पाहिले असेलच असे नाही.

सोन्याचे नाणे

ही कबर पुन्हा उजेडात आली ती १६९९ मध्ये, आणि तीही रस्त्याच्या कामामुळे. त्या आधी नऊ वर्षांपूर्वी, १६९० मध्ये, याच बॉइन नदीच्या काठी इंग्लंडच्या गादीवरून दोन राजांमध्ये मोठी लढाई झाली होती. त्यानंतरच्या उलथापालथीत या जमिनीचा ताबा चार्ल्स कॅम्बेल नावाच्या जमीनदाराकडे आला. रस्त्यासाठी त्याला दगड हवे होते. त्याचे मजूर टेकाडातून दगड काढू लागले आणि एका मोठ्या कोरीव शिळेमागे त्यांना भुयाराचे तोंड दिसले. त्या मजुरांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत.

त्याच वर्षी एडवर्ड ल्यूड नावाचा वेल्श विद्वान तेथे पोहोचला. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा तो प्रमुख होता. टेकाडाच्या माथ्याजवळ रोमन सम्राट व्हॅलेंटिनियनचे सोन्याचे नाणे सापडल्याचे त्याला कळले. येथे या माणसाची विचार करण्याची रीत आम्हाला फार आवडली. नाणे रोमन म्हणून वास्तू रोमन, असे तो म्हणाला नाही. कोरीवकाम रोमन धाटणीचे नाही हे त्याने पाहिले. उलट त्याने असे धरले की नाणे जर टेकाडाच्या माथ्यावर होते, तर टेकाड त्या नाण्याच्या आधीचे असले पाहिजे, आणि मग ते डेन लोकांच्या स्वाऱ्यांपेक्षा पुष्कळच जुने ठरते. म्हणून हे प्राचीन आयरिश लोकांचेच यज्ञस्थान किंवा दफनस्थान असावे, असे त्याने लिहून ठेवले. पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा याचा हा नमुना पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे.

परंतु त्याचे ऐकले कुणी? १७२६ मध्ये डब्लिनच्या थॉमस मोलिनोने आयर्लंडमधील टेकाडे आणि किल्ले डेन लोकांनी बांधले, असे प्रतिपादन केले. पुढे कुणी इजिप्तकडे बोट दाखवले, कुणी फिनिशियन व्यापाऱ्यांकडे, कुणी तर थेट हिंदुस्थानकडे. चार्ल्स व्हॅलन्सी हा लष्करी अधिकारी आयरिश लोकांच्या जुन्या वारशाचे धागे फिनिशिया आणि हिंदुस्थानशी जोडत राहिला. कबर कुणाचीही असो, पण येथल्या गरीब शेतकऱ्याच्या पूर्वजांची नसावी, एवढ्यावर मात्र बहुतेकांचे एकमत दिसते. समोर फाटक्या कपड्यांतला आयरिश माणूस बटाट्याच्या शेतात राबताना दिसत होता. त्याच्या मातीत असे काही घडले असेल ही गोष्ट राज्य करणाऱ्या विद्वानांच्या मनाला पटत नव्हती.

दख्खनचे दगड

येथे आम्हाला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. फिलिप मेडोज टेलर हे नाव मराठी वाचकाला ठगांवरच्या कादंबरीमुळे माहीत असते. हा इंग्रज अधिकारी हैदराबादच्या निजामाच्या नोकरीत होता. शोरापूर संस्थानाचा कारभार त्याने अनेक वर्षे पाहिला आणि १८५३ मध्ये तो नळदुर्गला आला. शोरापूरच्या मुलखात, आजच्या कर्नाटकात, त्याला जमिनीवर रचलेल्या दगडी खोल्या, दगडांची वर्तुळे आणि दगडगोट्यांचे ढीग दिसले. गावकरी काही ठिकाणांना मोरी नावाच्या ठेंगण्या लोकांची घरे म्हणत. टेलरने ती उकरली, हाडे, मडकी आणि लोखंडाच्या वस्तू कोणत्या थरात मिळाल्या याचे काळजीपूर्वक आराखडे काढले. त्याच्या या आराखड्यांचे कौतुक पुढे शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलरसारख्या पुरातत्त्वज्ञाने केले आहे.

टेलरचा हा लेख छापला गेला तो १८६२ मध्ये, आणि कुठे? डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीच्या प्रबंधमालेत. लेखाच्या शीर्षकात दख्खनच्या या वास्तूंना त्याने केल्टिक, ड्रुइड किंवा सिथियन म्हटले होते. म्हणजे गंमत पाहा. आयर्लंडची कबर हिंदुस्थानी लोकांनी बांधली असावी असे काही जण म्हणत होते आणि दख्खनच्या कबरी केल्ट लोकांनी! दोन्हीकडे मान दूरच्या कुणालातरी मिळत होता आणि दोन्हीकडे जवळच्या शेतात नांगर धरून उभा असलेला माणूस हिशेबात नव्हता. १८७९ मध्ये रिव्हेट-कर्नॅक या अधिकाऱ्याने नागपूरजवळ जुनापाणीची दगडी वर्तुळे उकरली. तेथल्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. त्यालाही त्यांत युरोपातल्या खुणांचे साम्य दिसले.

आज आपल्याला ठाऊक आहे की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. विदर्भातील आणि दख्खनमधील या कबरी लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या, इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या हजार वर्षांतल्या. न्यूग्रेंज त्यांच्यापेक्षा दोन हजार वर्षांहून अधिक जुने. धागा जुळतो तो एवढाच की, आपल्या मेलेल्या माणसाला नुसते मातीआड करून माणसाचे मन भरत नाही. त्यावर काहीतरी ठेवावेसे वाटते. एखादा दगड तरी.

सतरा मिनिटे

न्यूग्रेंजचे शास्त्रशुद्ध उत्खनन १९६२ ते १९७५ या काळात कॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक मायकल ओकेली यांनी केले. त्यांच्या पत्नी क्लेअर यांनी दगडांवरच्या नक्षीची नोंद केली. छताच्या सांध्यांतल्या त्या भाजलेल्या मातीवरून रेडिओकार्बन पद्धतीने वास्तूचे वय ठरले आणि डेन, फिनिशियन, इजिप्शियन सगळे एकदम बाद झाले.

काम चालू असताना पाहायला येणारी माणसे ओकेलींना सांगत की, वर्षातल्या एका दिवशी उगवता सूर्य कबरीत शिरतो अशी जुनी समजूत आहे. ओकेलींना आधी वाटले, लोक इंग्लंडमधल्या स्टोनहेंजशी गल्लत करीत असतील. परंतु समजूत म्हणून त्यांनी ती फेकून दिली नाही. दाराचे तोंड आग्नेयेला होते. त्या दिशेला सूर्य उगवतो तो हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी. शिवाय दाराच्या वर दगडांची एक चौकोनी झरोक्यासारखी पेटी सापडली होती आणि तिचा उपयोग कुणालाच कळत नव्हता. २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ओकेली एकटेच दालनात जाऊन बसले. सूर्य वर आला आणि थोड्याच वेळात त्या झरोक्यातून किरणांची एक बारीक पट्टी सरळ आत आली. जमिनीवरून सरकत ती दालनात पोहोचली, रुंद झाली आणि अंधारे छत उजळून निघाले. साधारण सतरा मिनिटांनी प्रकाश परत फिरला.

झरोक्याची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. आतली वाट हळूहळू चढत जाते. दालनाची जमीन दाराच्या उंबऱ्यापेक्षा सुमारे दोन मीटर उंच आहे. त्यामुळे दारातून येणारा प्रकाश अर्ध्या वाटेवरच अडतो. वरच्या झरोक्यातून येणारा मात्र दालनाच्या जमिनीच्या पातळीत असल्यामुळे थेट शेवटपर्यंत जातो. झरोका बंद करायला गारगोटीचे ठोकळे होते आणि ते पुष्कळदा आत-बाहेर सरकवल्याचे ओरखडे दगडावर दिसतात. म्हणजे जिवंत माणसांसाठी दार मोठ्या शिळेने बंद झाले तरी मेलेल्यांसाठी उजेडाची वाट उघडी ठेवली होती. कडाक्याच्या थंडीतला सर्वांत लहान दिवस. उद्यापासून दिवस वाढणार. तो पहिला उजेड त्यांनी आपल्या मृतांना दिला. आज हे पाहण्यासाठी हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या टाकून मोजक्यांना आत सोडतात. आकाशात ढग असला तर त्यांनाही काही दिसत नाही.

ओकेलींच्या कामावर आक्षेपही आहेत. पुढची पांढरी भिंत त्यांनी पडलेल्या गारगोटीवरून अनुमान करून जवळजवळ उभी बांधली आणि मागे काँक्रीटचा आधार दिला. काही तज्ज्ञांच्या मते ती गारगोटी भिंतीची नव्हतीच, दारासमोरच्या अंगणात अंथरलेली होती. शेजारच्या नाउथ येथे जॉर्ज इओगन यांनी ती जमिनीवरच राहू दिली. ज्ञानकोशातले जे चित्र आमच्या मुलांनी पाहिले त्यातला काही भाग पाच हजार वर्षांचा आणि काही भाग विसाव्या शतकातला आहे. इतिहास शिकवताना हेही सांगितले पाहिजे.

रक्ताचा हिशेब

मग बांधणारे कोण? अलीकडच्या वर्षांत हाडांतील डीएनए वाचता येऊ लागले आणि या प्रश्नाला नवीनच वळण लागले. २०१५ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी बेलफास्टजवळच्या एका नवाश्मयुगीन स्त्रीचे डीएनए तपासले. ती न्यूग्रेंजच्याच काळातली. तिचे पूर्वज मुख्यतः पश्चिम आशियातून, आजच्या तुर्कस्तानच्या बाजूने, पिढ्यानपिढ्या पश्चिमेकडे सरकत आलेल्या शेतकऱ्यांपैकी होते. नंतरच्या ब्राँझयुगातले तीन पुरुष मात्र वेगळेच निघाले. त्यांच्यात काळ्या समुद्रापलीकडच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांचा मोठा अंश होता आणि आजचे आयरिश लोक या पुरुषांशी अधिक जुळतात. म्हणजे न्यूग्रेंज बांधणाऱ्यांचा अंश आजच्या आयर्लंडमध्ये थोडाच उरला आहे.

२०२० मध्ये न्यूग्रेंजच्या दालनातील एका पुरुषाविषयी कळले की त्याचे आईवडील अगदी जवळचे, बहीण-भाऊ किंवा तितक्याच निकटच्या नात्याचे होते. बहुतेक सर्व समाजांत निषिद्ध असलेली ही गोष्ट काही राजघराण्यांत चालत असे. म्हणून हा राजवंशाचा पुरावा असावा, असे संशोधकांनी मांडले. त्यांनी एका जुन्या कथेचीही आठवण दिली. डाउथचे टेकाड एका दिवसात बांधावे म्हणून राजाच्या बहिणीने जादूने सूर्य थांबवला, राजाने तिच्याशीच पाप केले, जादू मोडली, अंधार पडला आणि काम अर्धे राहिले. डाउथ या नावाचा अर्थच अंधार. ही कथा मध्ययुगात लिहिली गेली. २०२५ मध्ये मात्र दुसऱ्या अभ्यासकांनी बजावले की, कवटीच्या एका तुकड्यावरून राजा आणि राजघराणे उभे करू नये. आम्हाला हा इशारा योग्य वाटतो. मोठी कबर पाहिली की आपल्याला लगेच राजा आठवतो. मेहनत करणारे हजार हात आठवत नाहीत.

राखणारे

आता नावाकडे पाहू. न्यूग्रेंज हे नाव बांधणाऱ्यांचे नाही. ११४२ मध्ये जवळच मेलिफाँट येथे ख्रिस्ती जोग्यांचा मठ स्थापन झाला. ही जमीन त्या मठाच्या शेतवाडीत गेली आणि "नवी शेतवाडी" या अर्थाने हे नाव रूढ झाले. त्याआधी केल्टिक भाषा बोलणाऱ्या लोकांनी या जागेला बॉइनचा वाडा म्हटले होते आणि येथे देवांचे घर आहे असे मानले होते. त्यांच्या एका कथेत ओंगस हा तरुण देव वाड्याच्या मालकाकडे फक्त एक दिवस आणि एक रात्र राहायला मागतो. मुदत संपल्यावर तो निघायला नकार देतो. म्हणतो, सगळा काळ दिवस आणि रात्र यांचाच तर झालेला आहे. वाडा कायमचा त्याचा होतो. रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने येथे कुणीतरी नवसासारखे वाहून गेले. शेतकरी परीच्या भीतीने टेकाडावर नांगर घालीत नसत. १८८२ च्या कायद्याने त्याला सरकारी संरक्षण मिळाले.

थोडक्यात, बांधणारे एक, गोष्टी सांगणारे दुसरे, नाव देणारे तिसरे, दार उघडणारे चौथे. यांची भाषा वेगळी, धर्म वेगळा, रक्तसुद्धा वेगळे. तरीही आजचा आयरिश माणूस ही आमची ठेव म्हणतो आणि तो खोटे बोलत नाही. ज्याने जपले त्याचाही हक्क असतोच. पण त्यावरून दुसऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क मात्र कुणालाच मिळत नाही, कारण कबरीच्या दारात वंशावळीचा कागद घेऊन उभा राहील असा आज कुणीही उरलेला नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्याच मुलांना काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला घेऊन गेलो. माळावर दगडांची वर्तुळे विखुरलेली, मध्ये गवत, गुरे चरत होती. आम्ही सांगितले की या कबरी आहेत, साधारण अडीच हजार वर्षांच्या; यांना कुणी पुरले, ते कोणती भाषा बोलत, कुणाला पूजत, हे कुणालाच ठाऊक नाही. मुले थोडा वेळ गप्प राहिली. मग मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने वर्तुळात पाय ठेवण्याआधी चपला काढल्या. कब्रस्तानात वडिलांबरोबर जाताना तो असेच करीत असावा. त्याचे पाहून बाकीच्यांनीही काढल्या. "हमारे या दूसरे" हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही. आम्हीही आठवण करून दिली नाही.